फ्लॉरेन्स, ॲरिझोना: आईबाबांना घेऊन एक दिवस जावं का?

दादरकरीण_चांडलर

नमस्कार मंडळी. आईबाबा एप्रिलच्या मध्यापर्यंत आमच्याकडे चांडलरला आहेत. ग्रँड कॅन्यन झालं, सेडोना झालं, कॉस्टको तर आठ वेळा झालं. आता बाबा म्हणतात, "मोठमोठे दगड पुष्कळ बघितले, एखादं गाव दाखव." त्यांना गाव म्हणजे जिथे माणसं पायी दिसतात आणि घरं एकमेकांना चिकटून असतात असं काहीतरी हवंय. आमच्या कॉलनीत संध्याकाळी फक्त कुत्री फिरतात, माणसं त्यांच्या मागून.

शेजारच्या आजींनी फ्लॉरेन्सचं नाव सुचवलं. इथून तासाभराच्या आत पोचतो. कौंटी सीट, म्हणजे जिल्ह्याचं ठाणं आहे आणि 'हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट' आहे, एवढंच त्या म्हणाल्या. म्हणजे नक्की काय असतं? पुण्यातल्या पेठेसारखं, की चार दुकानं आणि एक फलक?

आमची परिस्थिती सांगते. बाबा ७४, गुडघे जेमतेम. फोर्टमधल्या एका पारशी पेढीत हिशेब सांभाळण्यात ३५ वर्षं गेली, त्यामुळे कुठेही गेलं की प्रत्येक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. आईला बंदुका आणि काऊबॉय यांचा कंटाळा. मुलगा ७ वर्षांचा, त्याला सगळ्याचाच कंटाळा. सगळे शाकाहारी. अर्धा दिवस पुरेल का? उन्हाचं काय? कोणी प्रत्यक्ष जाऊन आलंय का?

वाळवंटी_विंचू

मी सहा वर्षांपूर्वी गेलो होतो. खरं सांगू? तुरुंगाचं गाव आहे. मेन स्ट्रीट दहा मिनिटांत संपतो, निम्मी दुकानं बंद. त्यापेक्षा थोडं लांब पडलं तरी टूम्बस्टोनला जा. रोज बंदुकबाजीचा खेळ होतो, घोडागाडी आहे, मुलगा खूश होईल. फ्लॉरेन्सला जाऊन फोटो कशाचा काढणार, भिंतीचा?

निवृत्त_नाझर

ताई, भिंतीचाच काढायचा. कसा ते सांगतो. थोडं लांबेल, पण निवृत्त माणसाला प्रश्न विचारला की असंच होतं.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ नाझर म्हणून, म्हणजे कोर्टाच्या पैशाअडक्याचा आणि सामानसुमानाचा कारभार बघणारा. हिवाळ्यात पाच महिने लेकीकडे सॅन टॅन व्हॅलीला असतो. तुमचं चांडलर मॅरिकोपा कौंटीत. क्वीन क्रीक ओलांडून आमच्याकडे आलात की पिनाल कौंटी लागते, आणि तिचं ठाणं फ्लॉरेन्स. लहानसहान कौंटी समजू नका, क्षेत्रफळाने आमच्या बीड जिल्ह्यापेक्षा मोठी आहे. मला हे सगळं कळलं ते जावयाच्या नावाने ज्युरीचं बोलावणं आलं तेव्हा. लिफाफा पाहूनच माझा हात शिवशिवला. जावई वैतागला होता, एक दिवस फुकट जाणार म्हणून. मी म्हटलं, मी येतो सोबत. तो म्हणाला, "पप्पा, तिथे काय करणार?" म्हटलं, आयुष्यभर जे केलं तेच. कोर्टाच्या आवारात बसणार.

चालू कोर्ट आता जुन्या गावाबाहेर मोठ्या नव्या इमारतीत आहे. जावयाने मला आधी मेन स्ट्रीटकडे सोडलं. समोर जुनं कोर्ट, १८९१ सालचं. लाल विटांची दुमजली इमारत, वर मनोरा, मनोऱ्याला घड्याळ. घड्याळात अकरा वाजून चव्वेचाळीस मिनिटं. माझ्या एचएमटीत पावणेनऊ. मनात म्हटलं, इथलाही नाझर आपल्यासारखाच दिसतो.

कारण आमच्या कोर्टातल्या घड्याळाला चावी देण्याचं काम माझ्याकडे होतं. आठ दिवसांची चावी, दर सोमवारी स्टुलावर चढून द्यायची. एकदा ते घड्याळ पंधरा मिनिटं पुढे गेलं आणि माझ्या लक्षात आलं नाही. पुकारा झाला, एक म्हातारा शेतकरी हजर नाही, त्याचा वकीलही नाही, दावा गैरहजेरीत काढून टाकला. म्हातारा आला तेव्हा त्याच्या मनगटावरच्या घड्याळात पुकाऱ्याची वेळही झाली नव्हती. पुढे अर्ज करून दावा परत दप्तरी घेतला, पण मधल्या काळात त्याच्या पाच एसटीच्या खेपा आणि स्टॅम्पाचे पैसे गेले ते गेलेच. त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नुसता घड्याळाकडे बघत उभा राहिला होता.

तर मी फ्लॉरेन्सच्या त्या घड्याळाकडे तोंड वर करून बराच वेळ उभा. दहानंतर याच्याही आधीच्या, मातीच्या कोर्टात गेलो, तिथल्या बाईंना विचारलं की वरचं घड्याळ दुरुस्त का नाही करत. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, दुरुस्त करायला त्यात काही नाहीच. काटे रंगवलेले आहेत! बांधताना पैसे संपले, यंत्र घेणं झालं नाही, म्हणून चकतीवर काटे रंगवून टाकले. तेव्हापासून तेच अकरा चव्वेचाळीस. ॲरिझोनात एरवीही घड्याळं उन्हाळ्यात पुढेमागे करत नाहीत म्हणा, यांनी एक पाऊल पुढे टाकलं. आणि लबाडी अशी की कोणी ती लपवत नाही. १३० वर्षांत या घड्याळामुळे एकाही पक्षकाराचं नुकसान झालेलं नाही, एवढं मी नाझर म्हणून लिहून देतो.

ही इमारत पडायला आली होती. काही वर्षांपूर्वी, २०१२ च्या सुमारास, कौंटीने ती नीट करून घेतली आणि परत कचेऱ्याच तिथे नेल्या. मला हेच आवडलं. हॉटेल केलं नाही.

या कोर्टातला सर्वात गाजलेला खटला पर्ल हार्टचा. १८९९ साली या बाईने केस कापून, पुरुषी कपडे घालून, जो बूट नावाच्या जोडीदारासोबत ग्लोबहून फ्लॉरेन्सला येणारी टपालगाडी लुटली. लूट ४०० डॉलरच्या वर. त्यातून प्रत्येक उतारूला एकेक डॉलर परत दिला, जेवणाखाण्यासाठी. पळता पळता दोघं वाट चुकले आणि पकडले गेले. खटला इथे चालला. ज्युरीने बाईंना चक्क सोडून दिलं! न्यायाधीश इतके भडकले की ज्युरीची खरडपट्टी काढली, दुसरा आरोप ठेवून नवी ज्युरी बसवली, आणि मग पाच वर्षांची शिक्षा झाली. जोडीदाराला तीस. तो दोन वर्षांत तुरुंगातून निसटला. आमच्याकडे असा निकाल लागला असता तर वकील मंडळी महिनाभर चहाच्या टपरीवरून हलली नसती.

आता विंचूरावांचं टूम्बस्टोन. तेसुद्धा एकेकाळी जिल्ह्याचं ठाणं होतं. १९२९ साली ठाणं बिस्बीला गेलं. ठाणं गेलं की वकील जातात, वकील गेले की टंकलेखक, मग चहावाला. अंबाजोगाईवाले जिल्ह्यासाठी इतकी वर्षं का हटून बसलेत ते उगीच नाही. टूम्बस्टोनच्या हाती राहिली १८८१ मधली अर्ध्या मिनिटाची गोळीबाजी, तीच ते रोज विकतात. फ्लॉरेन्सचं ठाणं १८७५ मध्ये कौंटी झाली त्या दिवसापासून आजतागायत तिथेच आहे. म्हणून तिथे नाटक करावं लागत नाही. लोक अजूनही खरेदीखत, तारखा, कर यासाठीच येतात. रस्त्यावर मला जे चेहरे दिसले, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद, ते मी ३१ वर्षं बघितले आहेत.

तुरुंगाचं म्हणाल तर ते खरं. १९०८-०९ मध्ये युमाचा तुरुंग इथे आणला, तो कैद्यांनीच बांधला. जनगणनेत फ्लॉरेन्सची वस्ती २६ हजारांवर दिसते, पण त्यात कैदीही धरलेले असतात हे ध्यानात ठेवा. आणि एक सावधगिरी. मेन स्ट्रीटवर पिनाल कौंटीचं इतिहास संग्रहालय आहे. त्यात काटेरी तारांचे शेकडो नमुने आहेत, बाबांना दोन तास पुरतील. पण एका भागात फाशीचे दोर चौकटीत लावलेत, ज्याला फाशी दिली त्याच्या फोटोसकट. १९३० साली इव्हा डुगन नावाच्या बाईच्या फाशीच्या वेळी जे भयंकर झालं त्यानंतर या राज्याने फाशी सोडून विषारी वायू आणला, त्या कोठडीतली खुर्चीही तिथे आहे. मी मुद्देमालाच्या खोलीत वर्षं काढली, कुऱ्हाडी, रक्ताचे शर्ट सगळं हाताळलं. तरी तिथे मला बाहेर येऊन पाणी प्यावं लागलं. नातवाला त्या भागात नेऊ नका.

जेवणाचं: मेक्सिकन मिळेल. बीन्स मागताना त्यात डुकराची चरबी आहे का ते विचारा, पुष्कळ ठिकाणी असते. मी डबा नेला होता. सावलीला बाक आहेत.

कच्ची_वीट

नाझरकाका, तुमच्या पोस्टमध्ये मातीचं कोर्ट एका वाक्यात गेलं, आणि खरं सोनं तेच आहे! मी पुण्यात वास्तुरचना शिकले, आता टूसॉनला मातीच्या जुन्या घरांच्या डागडुजीचं काम करते, म्हणून राहवत नाही.

ताई, हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट म्हणजे एक सलग जुनी वस्ती, जी १९८२ साली देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत लागली. पेठ म्हणा हवं तर, फक्त विरळ. फ्लॉरेन्स १८६६ मध्ये लेव्ही रगल्स नावाच्या माणसाने गिला नदीकाठी वसवलं. रेल्वे लांब, लाकूड त्याहून लांब, मग घर कशाचं बांधणार? पायाखालच्या मातीचं. माती, पाणी, गवत कालवून साच्यात घालायचं, उन्हात वाळवायचं. भट्टी नाही. भिंत दीड-दोन फूट जाड. हे कसब मेक्सिकोतल्या सोनोरा भागातून आलेल्या लोकांचं, म्हणून सर्वांत जुनी घरं त्यांच्या पद्धतीची: दर्शनी भिंत थेट रस्त्याला लागून, पुढे अंगण नाही, छप्पर सपाट, आणि अंगण मागे किंवा पोटात. पुढे बाहेरून पैसा, पत्रा आणि फळ्या आल्या तशी उतरती छपरं, पुढे व्हरांडा, मग विटा. मेन स्ट्रीटवरून चालताना हा बदल घराघरावर वाचता येतो. कधी कधी एकाच घरावर: खाली मातीचं अंग, डोक्यावर नंतर चढवलेली पत्र्याची टोपी.

मातीचं ते कोर्ट १८७८ चं. १८९१ मध्ये कोर्ट विटांच्या इमारतीत गेल्यावर इथे कौंटीचं इस्पितळ आलं, ते १९३८ पर्यंत होतं. पुढे अर्नेस्ट मॅकफार्लंड यांनी ती वास्तू विकत घेऊन राज्याला दिली, आज तिला त्यांचंच नाव आहे. हे गृहस्थ याच कौंटीत सरकारी वकील होते, न्यायाधीश होते, मग अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेले, १९४४ मध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरकर्ज देणारा कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. १९५२ ला निवडणूक हरले, तर राज्याचे गव्हर्नर झाले, शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती.

आत गेलात की भिंतीचा पाय बघा. मातीच्या भिंतीचा शत्रू पाऊस नाही, सिमेंट आहे. विसाव्या शतकात लोकांनी प्रेमापोटी सिमेंटचा गिलावा केला. बाहेरून टकाटक. पण जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडायला वाट राहिली नाही, ती आत साठली, आणि भिंत पायाशी आतून भुगा व्हायला लागली. एका घरात मी गिलाव्यावर बोटाने टकटक केली तर मडक्यासारखा आवाज आला, आत हात जाईल एवढी पोकळी. आम्ही तो सगळा खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा चढवला. त्याला अधूनमधून हात फिरवावा लागतो, सिमेंटसारखं विसरून चालत नाही.

फेब्रुवारीत जुनी घरं आतून बघण्याची वार्षिक फेरी असते, ती तुमची यंदा हुकली.

निवृत्त_नाझर

कच्ची वीट ताई, कान पकडले. खरं म्हणजे त्या मातीच्या कोर्टात शिरल्यावर मला पहिल्यांदा वास आला तो आमच्या घराचा. माळवदाचं घर होतं आमचं. वर लाकडी सरं, त्यावर किलचं, त्यावर पांढरी माती. मृगाच्या आधी वडील माळवदावर चढून नवी माती पसरायचे, आम्ही पोरं पाट्या पोचवायचो. आणि सिमेंटचं म्हणाल तर आम्हीही तेच केलं. ८८ साली पगार वाढला, पुढच्या भिंतीला गिलावा करून घेतला, वर "मातृछाया" कोरलं. दहा वर्षांनी ती अक्षरं भिंतीसकट पोटाला आली. गवंड्याला शिव्या घातल्या. आज कळलं, गवंडी बिचारा निर्दोष होता.

दादरकरीण_चांडलर

अहो काय हे, मी एक प्रश्न विचारला आणि खजिना उघडला! बाबांना सगळी पानं मोठ्याने वाचून दाखवली. घड्याळाला ते इतके हसले की आईने पाणी आणून दिलं. पुढच्या आठवड्यात नक्की जातोय. दोन शंका. एक, नदीकाठचं गाव म्हणता, तर गिला नदीवर मुलाला पाण्यात खेळता येईल का? दोन, शेजारच्या आजी म्हणाल्या की गावाजवळच्या टेकडीवर एक पिरॅमिड आहे. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

निवृत्त_नाझर

नदीत पाणी शोधू नका, वाळू आहे. पाणी पाटात आहे. गावाच्या वरच्या अंगाला १९२२ चा बंधारा आहे, तिथून सगळं कालव्यात वळवतात. त्याच्याही वर १९३० साली लोकार्पण झालेलं कूलिज धरण. त्याआधीची गोष्ट कडू आहे. गिलाच्या खालच्या अंगाला ओओधम हे इथले मूळ रहिवासी लोक शेकडो वर्षं कालव्याने शेती करत होते, गहू पिकवून वाटसरूंना विकत होते. वर नव्या वसाहतींनी पाट काढले, फ्लॉरेन्सचाही त्यात होता, आणि खाली नदी आटली. पिकवणारी माणसं उपाशी राहिली. पाण्याचा त्यांचा हक्क २००४ मध्ये कायद्याने मान्य झाला. शंभरावर वर्षांचा दावा! आमच्याकडे पाटाच्या टेलला ज्याची जमीन आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पिरॅमिड मात्र खरा, आणि तो तुमच्या बाबांसाठीच बांधलाय असं समजा. कारण त्यात पारशी आहेत.

चार्ल्स पोस्टन नावाचा माणूस. जन्म १८२५, केंटकीचा. ॲरिझोना हा वेगळा प्रदेश व्हावा म्हणून वॉशिंग्टनला खटपट केली, १८६३ मध्ये तो झाला, इथला पहिला प्रतिनिधी म्हणून काँग्रेसमध्ये गेला. पुढे आशियाच्या प्रवासाला निघाला, चीन करून हिंदुस्थानात आला, आणि तिथे पारशी लोकांनी त्याला वेड लावलं. त्यांच्यावर पुस्तकही लिहिलं. मग १८७७ च्या सुमारास सरकारने त्याला नेमलं कुठे, तर फ्लॉरेन्सला, जमिनीच्या कचेरीत. म्हणजे आपला भूमापनवाला साहेब. दिवसभर दस्त, आणि खिडकीतून दिसते ती टेकडी. त्याने ठरवलं, हिच्या माथ्यावर सूर्याचं मंदिर बांधायचं! पदरचे पैसे घालून वरपर्यंत रस्ता केला. पैसे संपले. म्हणतात की इराणच्या शहाला मदतीसाठी पत्र लिहिलं. मंदिर झालं नाही. लोकांनी टेकडीला पोस्टनचा वेडेपणा असं नाव ठेवलं. १९०२ मध्ये फिनिक्सला गरिबीत वारला. आणि मग १९२५ मध्ये, जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, राज्याने त्याच्या अस्थी त्याच टेकडीवर नेल्या आणि वर दगडी पिरॅमिड बांधला. जिवंतपणी अर्ज नामंजूर, मेल्यावर मंजूर. असे अर्ज मी पाहिले आहेत.

बाबांना वर चढवू नका, वाट खड्या-खडीची आहे. मी नातवाच्या नादाने निम्म्यापर्यंत गेलो आणि बसकण मारली. हंट हायवेवरून टेकडी छान दिसते. आणि हे सगळं मे उजाडायच्या आत करा, पुढे दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो.

दक्षिणेला ७९ नंबरच्या रस्त्यावर टॉम मिक्स या मूकपटांच्या काळातल्या नटाचं स्मारक आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये मोटार वेगात होती, पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, गाडी उलटली, मागची पत्र्याची पेटी मानेवर बसली. स्मारकावर बिनस्वाराचा घोडा आहे. वेळ उरला तर.

दादरकरीण_चांडलर

जाऊन आलो! वृत्तांत देते, कारण देणं लागते.

साडेनऊला पोचलो. बाबा गाडीतून उतरले, घड्याळाकडे बघितलं, आणि स्वतःच्या घड्याळात अकरा चव्वेचाळीस होईपर्यंत गाव सोडायचं नाही असं जाहीर केलं. प्रत्यक्षात आम्ही तीन वाजता निघालो.

मातीच्या कोर्टात बाबांनी सगळ्या पाट्या वाचल्या. मुलगा त्या जाड भिंतीच्या खिडकीत पाय वर घेऊन बसला, "आजी, ही खिडकी नाही, कट्टा आहे" म्हणाला आणि अर्धा तास तिथून हलला नाही. बाहेर ३१ अंश होते, आत पंख्याशिवाय बरं वाटत होतं. आईने भिंतीला तळवा लावला आणि म्हणाली, तिच्या आजोळी राजापूरला अशीच गार भिंत होती, पण ती जांभ्याची. मी कच्ची_वीट यांची आठवण काढून पायाशी टकटक केली. तिथल्या बाई माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या.

संग्रहालयात आई दोरांच्या भागाकडे फिरकलीच नाही. काटेरी तारा मात्र तिने इतक्या बारकाईने बघितल्या की मला नवल वाटलं. "टाक्यांचे प्रकार आहेत हे," म्हणाली. एका तारेचा पीळ तिने रुमालाच्या कडेवर बोटाने काढून दाखवला.

रस्ता सुनसान होता हे विंचू यांचं बरोबर. निम्मी दुकानं बंदच. तरी एका बाकावर एक आजोबा भेटले, बाबा आणि ते पाऊण तास बोलत बसले. दोघांचं इंग्रजी एकमेकांना कितपत कळलं देव जाणे. विषय मालमत्ता कराचा होता.

परतताना टेकडीच्या समोर गाडी थांबवली. पोस्टनची गोष्ट बाबांना आधीच पाठ झालेली. त्यांनी गाडीतूनच बघितलं, काच खाली केली. म्हणाले, पोस्टनने एक चूक केली, पारशी अग्नीपुढे उभे राहतात, आणि अग्यारीला छप्पर लागतं. मग थोडं थांबून म्हणाले, "आमच्या शेटजींकडे हा पैसे मागायला आला असता तर त्यांनी चहा पाजून परत पाठवला असता. 'डीकरा, आटला तडकामां देवळ?' (बाळा, एवढ्या उन्हात देऊळ?)" आणि स्वतःच इतके हसले की मुलाने विचारलं काय झालं. त्याला समजावता समजावता क्वीन क्रीक आलं.

टॉम मिक्सचा घोडा राहिला. बाबा रोज आठवण करून देतात. नाझरकाका, येत्या शनिवारी आम्ही पुन्हा निघतोय, सॅन टॅन व्हॅली वाटेवरच आहे. येता का?

निवृत्त_नाझर

येतो. जावयाला विचारायची गरज नाही, त्याची ज्युरीत निवडही झाली नाही आणि तो दिवस फुकट गेला म्हणून माझ्यावरच रुसलाय. ज्वारीचं पीठ इथे इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मी आणतो. बाबांना सांगा, एचएमटीला चावी देऊन या.